तेरा नंबरचं चॅनेल

आईच्या वर्गात काही मोडलं-फुटलं, कुणी कुणाची कंपासपेटी ढापली, फळ्यावर भलतंसलतं लिहिलं, तरी ती कधी "कोणी केलं?" असं विचारत नसे. एवढंच म्हणायची, "ज्याला सांगायचं असेल त्यानं मधल्या सुट्टीत यावं." मग मधल्या सुट्टीत बाकीच्या बाई चहाला जायच्या आणि आई वर्गातच बसून राहायची. खुर्चीशेजारी एक बुटकं लाकडी स्टूल असायचं. येणाऱ्यानं त्या स्टुलावर बसायचं, सांगायचं आणि डबा खायला पळायचं. रागावणं नाही, शिक्षा नाही. त्या दिवशी कोणी आलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिचा अनुभव असा की मूल कितीही बेरकी असलं तरी तिसऱ्या दिवसापर्यंत येतंच. बावीस वर्षांनी शाळेचा मराठी विभाग बंद पडला. शेवटच्या वर्गात सातच मुलं उरली होती. निरोपाच्या दिवशी शाळेनं शाल आणि नारळ दिला, आणि आईनं ते स्टूल मागून घेतलं. मांजलपूरच्या आमच्या घरापर्यंत रिक्षात ते मांडीवर धरून आली. मी दार उघडलं तर म्हणाली, "हे वर ठेव," आणि सरळ कुकर लावायला गेली.

बडोद्यात मराठी शाळा का ओस पडली याचं उत्तर आमच्याच घरात होतं. मी स्वतः इंग्रजी शाळेत शिकले. आईनंच घातलं होतं. शेजारपाजारचे सगळे तिकडे जात होते, पुढे कॉलेजात अडायला नको, वगैरे. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे, पण शाळा बंद झाल्यावर काही महिने आई माझ्याकडे अशी बघायची की मला उगाचच जेवताना ठसका लागायचा. दिवसभर ती काहीबाही आवरत असे. डाळीचे डबे घासून झाले, पलंगाखालच्या ट्रंका झाल्या, बाबांच्या जुन्या पगाराच्या पाकिटांची चळत झाली. संध्याकाळी पुढच्या व्हरांड्यातल्या हिंचक्यावर बसायची आणि शाळा सुटायच्या वेळी तिचे पाय आपोआप थांबायचे. बाबा कोयलीकडच्या एका कारखान्यात पाळीला जात. ते मुळात अबोल. घरी आले की मीडियम वेव्हवर रेडिओ लावून बसत. आईला काय झालंय हे त्यांना कळत होतं, पण बोलायचं ते बोलत नसत. फक्त रेडिओचा आवाज एक घर कमी करत.

अशात उषामावशीचा फोन आला. ही आईची धाकटी बहीण, कॅलिफोर्नियात असे. तिच्या ओळखीतल्या पाच मराठी घरांना मुलांसाठी मराठीची शिकवणी हवी होती, इंटरनेटवरून, आठवड्यातून एकदा, रीतसर. आधीच्या रविवारी पुण्याच्या एका बाईंनी नमुन्याचा तास घेऊन दाखवला होता. आता आईनं घ्यायचा, रविवारी सकाळी आठ वाजता, म्हणजे तिथली शनिवारची संध्याकाळ. मग पाच घरं मिळून दोघींतली एक निवडणार. "आणि ताई," मावशी म्हणाली, "त्या पुण्याच्या बाई फार छान बोलल्या गं." आई फोन ठेवून म्हणाली, "छान म्हणजे शुद्ध." आम्ही घरात बारी उघड म्हणायचो, खिडकी नाही. बटाक्याची भाजी खायचो. आईला शुद्ध येत होतंच, शिकवताना ती शुद्धच बोलायची, पण त्या आठवड्यात ती घरात फिरताना तोंडातल्या तोंडात "खिडकी, खिडकी" म्हणत असे, आणि मला हसूही येई आणि वाईटही वाटे.

मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि दुपारी जिग्नेशभाईंच्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसत असे. त्यामुळे या सगळ्या तासाची यंत्रणा माझ्याकडे आली. आमचं टेनामेंट म्हणजे खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर एक खोली आणि गच्ची. फोनची तार खालच्या हॉलमध्ये येत होती. तिथं जुना कॉम्प्युटर होता, पण त्याला कॅमेरा नव्हता आणि बोलणं सुरू केलं की तो कण्हायला लागायचा. तास वरच्या खोलीत घ्यायचा, कारण हॉल रस्त्यावर. भाजीवाला, भंगारवाला, सगळे आमच्या दाराशीच आपला गळा साफ करत. मावशीनं तिच्या मुलाचा जुना लॅपटॉप कुणाबरोबर तरी पाठवला होता. चांगला होता, कॅमेरा लावलेला, पण तार जोडायची खोबण त्या मुलानं कधीतरी मोडून ठेवली होती. म्हणजे बिनतारीच चालवायला हवा. जिग्नेशभाईंनी एक अ‍ॅक्सेस पॉइंट उसना दिला. एवढीशी पांढरी डबी, मागे दोन शिंगं. बाबा म्हणाले, "हा रेडिओच झाला की." मी जरा ऐटीत म्हटलं, "हो, पण याचं स्टेशन आपण ठरवायचं."

आणि खरंच तसं होतं. खालच्या कॉम्प्युटरवरून त्या डबीचं पान उघडायचं आणि तिथं रेडिओचे आकडे भरायचे: आवाज किती जोरात टाकायचा, कुठल्या चालीनं टाकायचा आणि कुठल्या चॅनेलवर. चॅनेल एक ते तेरा. जिग्नेशभाईंनी डबी हातात देताना बजावलं होतं, "एक, छ, अगियार. त्रणमांथी जे चाले ए. अगियारथी आगळ जवानुं नहीं, बेन." अकराच्या पुढे का नाही, म्हणून मी विचारलं, "केम?" ते समोरच्या गिऱ्हाइकाचा प्रिंटर उघडून बसले होते. "केम-बेम नहीं. नथी जवानुं एटले नथी जवानुं." हे मला झोंबलं. तीन वर्षं इंजिनिअरिंग शिकत होते मी. कारण न सांगता दिलेला नियम म्हणजे अडाण्याचा नियम, असं माझं त्या वयातलं पक्कं मत होतं. आता माझ्या हाताखाली पोरंपोरी काम करतात, आणि गर्दीच्या वेळी मीही त्यांना कारण न सांगता नियमच सांगते. त्यांच्या चेहऱ्यावर तेच झोंबणं दिसतं.

शनिवारी सकाळी आठाला मावशीबरोबर चाचणी घेतली. मी चॅनेल सहा ठेवलं होतं. चित्र आलं, मावशी दिसली, आई हरखली, आणि मग मावशीचा आवाज फुटायला लागला. दोन शब्द यायचे, चार गायब. आई "काय? काय म्हणालीस?" करत पुढे वाकली. भिंतीपलीकडून शेजारच्या कोकिलामासींचं बोलणं ऐकू येत होतं. त्या पादरा गावातल्या आपल्या बहिणीशी फोनवर होत्या. त्या बोलत असल्या की आमचा आवाज तुटायचा, त्या ऐकत असल्या तरी तुटायचा, आणि फोन ठेवला की मावशी खणखणीत. दुपारी जिग्नेशभाईंना विचारलं तर ते हसलेच. मासींचा बिनतारी फोन त्यांच्या मुलानं अमेरिकेतून आणला होता, आणि तो हवेतल्या त्याच पट्ट्यात बोलत होता ज्यात आमची डबी. आमच्या सोसायटीत घरटी एक अमेरिकेची वस्तू होती. कुणाकडे मिक्सर, कुणाकडे टॉर्च, मासींकडे हा फोन. "काले सवारे एक कलाक फोन बंद राखवानुं कही दे ने मासीने," जिग्नेशभाई म्हणाले.

उद्या तासभर फोन बंद ठेवायला मासींना सांगू, असं मी घरी म्हटलं तेव्हा आईचा चेहरा बदलला. "खबरदार तिला काही बोललीस तर. आठवड्यातून एकदा मुलगा फोन करतो तिला. रविवारी, त्याच वेळी. माझ्या तासासाठी तिनं मुलाशी बोलायचं नाही?" कोकिलामासींना नवरा नव्हता. एकच मुलगा, शिकागोला. रविवारी सकाळी त्या अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून फोनजवळ बसत, जणू तो त्यांना दिसणार होता. आमच्या दोन्ही घरांमध्ये एक विटेची भिंत होती. तिकडचा वघार, म्हणजे फोडणी, आमच्याकडे शिंकायला लावायचा, आमच्याकडे पुरण शिजलं की मासी वाटी घेऊन हजर. आई म्हणत होती ते मला पटत होतं. पण आवाज तुटला तर आईचं काय, हे कोणी बोलत नव्हतं. तिनं संध्याकाळी लॅपटॉप पुसला, झाकणावर कुंकवाचं बोट टेकवलं, हळद वाहिली आणि देवापुढे ठेवला. दर जूनमध्ये ती नवं हजेरीबुक आणि खडूचा डबा असाच देवापुढे ठेवायची, आणि मग पहिल्या तासापर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. "आता उद्या वर्गालाच उघडायचा," ती म्हणाली. मी मान डोलावली.

तिथंच घोटाळ्याचं बी पडलं. मी जिग्नेशभाईंच्या दुकानातला लॅपटॉप दोन तासांसाठी मागून आणला आणि वरच्या खोलीत बसून, एकदा वर एकदा खाली अशा येरझारा घालत, चॅनेलं बदलून पाहू लागले. पलीकडे मासी पुन्हा त्याच बहिणीशी बोलत होत्या. दुकानातल्या कॉम्प्युटरवर जिग्नेशभाई कानाला हेडफोन लावून माझ्याशी बोलत होते. चॅनेल एक: त्यांचा आवाज फुटला. अकरा: फुटला. मग मी त्या यादीच्या अगदी शेवटी गेले. तेरा. तिथं कोणीच नव्हतं, गल्लीच्या टोकाचं शेवटचं घर. वर आले तर जिग्नेशभाई स्वच्छ ऐकू आले. "हवे बराबर छे!" ते म्हणाले. कुठलं चॅनेल ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आपण शोध लावला या गुर्मीत मी होते. मी जिना उतरत असताना मासींनी फोन ठेवला असणार, म्हणून सगळं स्वच्छ झालं, ही साधी गोष्ट मला तपासावीशी वाटली नाही. दुकान वाढवून घरी जाता जाता जिग्नेशभाई आपला लॅपटॉप घेऊन गेले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई म्हणायची ते उगाच नाही.

रविवारी सकाळी थंडी होती. उत्तरायण होऊन आठवडा झाला होता, तरी गच्चीवरच्या तारांना तुटलेले मांजे लोंबत होते. नाक्यावरून फाफड्याच्या तेलाचा वास येत होता. बाबांनी फाफडा, जिलेबी आणि पपईचा संभारा आणून ठेवला, पण आईनं पाणीसुद्धा घेतलं नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाला नेसायची ती मोरपंखी साडी नेसली होती. वरच्या खोलीत तिनं फळा टांगला, खडू मोडून दोन तुकडे केले, कारण अख्खा खडू कुरकुरतो, आणि स्टूल खुर्चीशेजारी ठेवलं. "तिकडची मुलं स्टुलावर कशी बसतील गं?" मी चेष्टेनं म्हटलं. "असू दे," ती म्हणाली. साडेसातला तिनं लॅपटॉप देवापुढून उचलला, कपाळाला लावला आणि माझ्या हातात दिला.

मी उघडला. नेटवर्कची यादी आली आणि यादीत काहीही नव्हतं. चौथ्या गल्लीतल्या डॉक्टरांचं एक पुसट नाव दिसलं, ते पण गेलं. आमचं नाव नाही. मी पुन्हा शोधायला लावलं. नाही. बंद करून चालू केला. त्या काळी लॅपटॉप चालू व्हायला चहा उकळायला लागतो तेवढा वेळ लागायचा. तेवढ्यात खाली धावले. डबीचे दिवे व्यवस्थित लुकलुकत होते. पुन्हा वर. नाही. आई फळ्याकडे तोंड करून "आपले घर" असं शीर्षक लिहीत होती आणि मुद्दाम सावकाश लिहीत होती. "झालं का?" तिनं न वळता विचारलं. पलीकडून मासींचा आवाज आला, "हा बेटा, बोल ने. जम्यो? त्यां ठंडी बहु छे?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मासींचा फोन आहे ना, त्यामुळे होतंय."

उचलली जीभ लावली टाळ्याला. काल मासींच्या फोनमुळे आवाज तुटत होता हे खरं होतं. पण फोनमुळे आख्खं नेटवर्क दिसेनासं होत नाही हे मला माहीत होतं. मला फक्त तेवढ्यापुरती माझ्यावरची नजर हटवायची होती. आईनं खडू खाली ठेवला. पदर सारखा करून जिना उतरली. मी गच्चीच्या कठड्यावरून पाहिलं: ती मासींच्या ओट्यावर उभी, चपला बाहेर काढून, आणि सांगताना मान खाली. मासी फोन कानाला लावूनच दारात आल्या. "अरे, एमां शुं, सुधाबेन! आजे तो तमारो क्लास छे ने," त्या म्हणाल्या, आणि मग फोनमध्ये, "बेटा, मूकुं छुं. पछी वात करजे." तिकडून मुलगा काही बोलत असावा, कारण त्या क्षणभर थांबल्या. मग फोन बंद केला, आत जाऊन त्याचा प्लगसुद्धा काढला, आणि बाहेर येऊन आईला हातानं "जा, जा" केलं.

आई वर आली. दम लागला होता. "बघ आता." मी बघितलं. यादी रिकामीच. खाली फोन वाजला, मावशी होती. बाबांनी घेतला आणि जिन्यातून हाक दिली, "सगळी मुलं बसलीत म्हणे. तिकडे वाट बघतायत." पावणेआठ होऊन गेले होते. आई खुर्चीवर बसली. हात मांडीवर, पाठ ताठ, शाळेच्या तपासणीला साहेब यायचे तेव्हा बसायची तशी. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. मला रडू यायला लागलं होतं आणि रडायला वेळ नव्हता. कालच्या लॅपटॉपवर चालत होतं, आज नाही; डबी तीच, जागा तीच, आकडे तेच. मी बडबडत होते, "लॅपटॉपच बिघडला. मावशीनं बिघडलेला पाठवला."

बाबा चहाचा कप घेऊन वर आले होते. ते दारात उभे राहून म्हणाले, "अमेरिकेचाच ना हा? उषानं मागे आणलेला रेडिओ आठवतो?" मला संताप आला. ही काय रेडिओच्या गोष्टी काढायची वेळ? पण बाबा आपल्या चालीनंच बोलले. "आकड्यांचा रेडिओ होता. दहा-दहाच्या उड्या मारायचा. आपलं स्टेशन त्याच्या दोन आकड्यांच्या मध्ये पडायचं. महिनाभर फिरवला मी. बिघडलेला नव्हता तो. त्याच्या आकड्यांत आपलं स्टेशनच नव्हतं." आणि कप स्टुलावर ठेवला.

त्याच्या आकड्यांत आपलं स्टेशनच नव्हतं. तेरा नंबर आपल्याकडे चालतो. अमेरिकेत तो चालत नाही, आणि तिथं विकलेल्या यंत्राला अकराच्या पुढचं ऐकूच येत नाही. जिग्नेशभाईंच्या नियमाचं कारण हे होतं. अमेरिकेहून आलेले लॅपटॉप बडोद्यातल्या प्रत्येक दुकानात येत, त्यांनी कधीतरी ठेच खाल्ली असणार. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले. खालच्या कॉम्प्युटरवर डबीचं पान उघडायला घेतलं. पासवर्ड दोनदा चुकला. रेडिओचं पान. तेरा खोडलं, सहा निवडलं, जतन केलं. डबीचे दिवे विझले. बाबांचा रेडिओ बाजूलाच हळू आवाजात चालू होता, कुणीतरी रब्बीच्या पिकावर बोलत होतं, आणि मी त्या काळ्या पडलेल्या दिव्यांकडे बघत "लाग, लाग, लाग" म्हणत होते. एक दिवा लागला. मग दुसरा. तिसरा लागायच्या आत वरून आईचा आवाज आला, अगदी साधा, "आलं गं."

आठ वाजून चार मिनिटांनी तास सुरू झाला. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ऐकला. आवाज एकदाही तुटला नाही. आईनं घर शिकवलं: दार, उंबरा, भिंत. आणि मग हात करून म्हणाली, "ही बारी." मी डोळे मिटून घेतले. आईही थांबली. मग तिचा आवाज आला, "पुस्तकात खिडकी. आमच्या बडोद्याच्या घरात बारी. तुमच्या घरात कोणता शब्द आहे, सांगा बरं?" तिकडे एकदम गलका झाला. प्रत्येकाच्या घरात निराळंच काहीतरी होतं. कुणाचे वडील नागपूरचे, कुणाची आजी बेळगावची. तास संपायला आला तरी मुलं हटेनात. रात्री मावशीचा फोन आला. पाचही घरांनी आईला निवडलं होतं. आई बाबांना म्हणाली, "जिलेबी आहे का उरलेली?" आणि गार झालेली जिलेबी उभ्या उभ्या खाल्ली. तिचे डोळे भरले होते. मी तिला इतकी सुंदर कधी पाहिली नव्हती.

पण त्याच दुपारी मी कोकिलामासींना त्यांच्या हिंचक्यावर पाहिलं होतं. हिंचका हलत नव्हता. "मम्मीनो क्लास सरस थयो?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "सारुं, सारुं." मग म्हणाल्या, "एने कंईक कहेवुं हतुं. 'मम्मी, एक वात कहेवी छे,' एटलुं ज बोल्यो." काहीतरी सांगायचं होतं ते तसंच राहिलं; मुलगा त्यानंतर कामासाठी परगावी निघून गेला होता आणि त्याचा मोबाइल लागत नव्हता. तो आठवडा मासींनी कसा काढला ते मी भिंतीच्या अलीकडून ऐकत होते. वघाराचा आवाज नाही, भजनाची कॅसेट नाही. नोकरी गेली असेल का, तब्येत बरी नसेल का, आईला विचारत बसायच्या, आणि आई त्यांना चहा देऊन समजूत काढायची. रोज मी ठरवायची की आज सांगते. मासी, त्या वेळी तुमच्या फोनमुळे काही अडलं नव्हतं. चूक माझी होती. एक आकडा मी चुकीचा भरला होता. आणि रोज त्या समोर आल्या की चहाचे कप उचलून आत जायची. पुढच्या रविवारी सात वाजताच मुलाचा फोन आला, आणि मासी पेंडे घेऊन धावत आल्या. त्या आजी होणार होत्या. मी इतकी सुटले की दोन पेंडे खाल्ले. शेवट गोड झाला की मधलं सगळं पुसलं जातं, असं तेव्हा वाटायचं.

मासी पुढे दर रविवारी पावणेआठला आपणहून फोनचा प्लग काढत, आणि मुलगा सातला फोन करू लागला. आईचा वर्ग पाच मुलांवरून अकरावर गेला, मग दोन वर्ग झाले. ती पुढे चौदा वर्षं शिकवत होती. तास संपला की लॅपटॉप मिटून ती लगेच खाली येत नसे. मी खालून ओरडायची, "आई, चहा गार होतोय." ती म्हणायची, "येते." दहा-पंधरा मिनिटं वरच. मला वाटायचं दमत असेल. मी माझ्या घाईत असायचे. नोकरी लागली, लग्न झालं, तरी रविवारी सकाळी मी माहेरी असले की हे असंच चालायचं.

आई गेली त्यानंतर तेराव्याला मासी आल्या होत्या. काठी टेकत, पांढऱ्याशुभ्र. माणसं पांगल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि त्या सकाळचं सगळं सांगून टाकलं. तेरा नंबर, लॅपटॉप, माझं खोटं, त्यांचा तो आठवडा. त्या माझ्या हातावर हात ठेवून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बहु मोडी आवी, बेटा."

"उशिरा आले म्हणजे?" मी विचारलं. "तारी मम्मीने तो ए ज दिवसे खबर पडी गई'ती," त्या म्हणाल्या. "मारो फोन बंद कर्या पछीए क्यां चाल्युं'तुं? तुं नीचे दोडी, पछी चाल्युं. सांजे आवीने मारी माफी मांगी गई. अने मने कहे, मीनू आवशे कहेवा. आवे त्यारे वढता नहीं." आईला त्याच दिवशी कळलं होतं, आणि मी सांगायला येईन तेव्हा रागावू नका, असं ती मासींना सांगून गेली होती.

घरात सगळे झोपाळलेले होते. मी वर गेले. फळा तसाच होता, खुर्ची तशीच. शेजारी ते बुटकं स्टूल, भिंतीला न लावता, खुर्चीजवळ ओढून ठेवलेलं. चौदा वर्षं दर रविवारी तास संपल्यावर आई इथं बसून राहत होती आणि मी खालून तिला चहाला हाका मारत होते. मी त्या स्टुलावर बसले. मग रिकाम्या खुर्चीला सगळं पहिल्यापासून सांगितलं.